पुढच्या रांगेतली खुर्ची

सोललेल्या मटारांच्या ढिगाशेजारी आईने तो कागद ठेवला, तळहाताने त्याच्या घड्या सपाट केल्या, आणि पुन्हा शेंगा सोलायला घेतल्या. कागदावर थोरलीचा फोटो होता. चाकांच्या खुर्चीत बसलेली, दोन्ही हात डोक्याच्या वर उंचावलेली, मान मागे टाकून खळखळून हसणारी थोरली... आणि खाली ठळक अक्षरांत छापलं होतं, 'बसून नाचू या! दर शनिवारी सकाळी दहा वाजता'. त्याखाली 'शिकवणार' म्हणून तिचंच नाव होतं. शेजारीण मोठ्या कौतुकाने तो कागद घेऊन आली होती, आणि आईचा चेहरा बघून चहासुद्धा न घेता परत गेली होती.

"खांद्याचा व्यायाम," आई म्हणाली. "असा असतो होय खांद्याचा व्यायाम."

थोरलीला एवढ्या ताणातही हसू फुटू पाहत होतं. कारण गेले तीन महिने मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी ती घरात जे सांगून बाहेर पडत होती ते काही अगदीच खोटं नव्हतं. व्यायाम होता, त्यात खांदेही होते, फक्त त्याला मोठ्या आवाजातलं गाणं होतं आणि सोबत तीस बायका घामाघूम होऊन उड्या मारत होत्या, एवढाच तपशील सांगायचा राहून गेला होता! पण आई दाणे सालपटांत टाकत होती आणि सालपटं दाण्यांत, आणि ते बघितल्यावर थोरलीने हसू गिळलं.

मग आई बोलायला लागली ती थांबेचना. लोक नाच बघायला येणार नाहीत, खुर्ची बघायला येतील; पुढून वा वा करतील आणि पाठ वळली की च्च् च्च् करतील; चांगली चष्म्याच्या दुकानात नोकरी आहे, मान आहे, मालक विश्वासाने काम टाकतात, ते सगळं सोडून ही काय थेरं सुचली... थोरलीने ते सगळं शांतपणे ऐकून घेतलं. पण शेवटी आई म्हणाली ते ऐकून मोरीत भांडी घासणाऱ्या धाकटीचे हातच थांबले. नळ तसाच वाहत राहिला.

"एकदा तुझ्या हट्टापायी या घराचं व्हायचं ते झालं," आई म्हणाली. "पुन्हा मला बघायचं नाही. शनिवारी तू तिकडे गेलीस तर मी तुझ्या मामाकडे निघून जाईन. परत कधी येणार ते विचारू नकोस."

हट्ट! नऊ वर्षं हा एक शब्द थोरलीच्या मागे लागला होता. तिने खोलीचा रंग बदलायचा म्हटलं की हट्ट, एकटीने बसने जायचं म्हटलं की हट्ट, पावसात खिडकी उघडी ठेवली तरी हट्ट. आणि त्या शब्दाचं मूळ कुठे आहे हे या घरात फक्त दोघी बहिणींना ठाऊक आहे, असं थोरली आजवर समजत आली होती.

नऊ वर्षांपूर्वी दोघी बहिणी स्कूटरवरून निघाल्या होत्या. धाकटी तेव्हा एकोणीस वर्षांची, अंगात वारं भरलेली, रस्त्यावर चालतानासुद्धा मनातल्या मनात ताल धरणारी. तिच्या नाचाच्या चमूचा त्या दिवशी पहिला मोठा कार्यक्रम होता, उशीर झाला होता, आणि स्कूटर तीच चालवत होती. मागे बसलेल्या थोरलीने दोनदा सांगितलं, हळू चालव. धाकटी हसून म्हणाली, ताई, तू म्हणजे अगदी भित्री भागूबाई! आणि पुढच्याच वळणावर रस्त्यावर सांडलेली बारीक खडी होती... धाकटीचं कोपर खरचटलं. थोरली उठायला गेली, आणि कमरेखालचं शरीर तिच्याबरोबर उठलंच नाही.

दवाखान्यात चौथ्या दिवशी आईने विचारलं की एवढ्या वेगात जायची काय गरज होती. धाकटी भिंतीला टेकून उभी होती. चार दिवसांत तिच्या पोटात अन्नाचा कण नव्हता, ती रडतही नव्हती, नुसती बघत होती, आणि त्या बघण्याची थोरलीला स्वतःच्या पायांपेक्षा जास्त भीती वाटली. "मीच म्हटलं तिला, हाण म्हणून," थोरली म्हणाली. "माझाच हट्ट." वाक्य इतक्या सहज तोंडातून गेलं की तिचं तिलाच आश्चर्य वाटलं. त्यावर दोघी बहिणी आजतागायत एक अक्षर बोलल्या नव्हत्या. धाकटीने नाचाचे बूट कुणाला तरी देऊन टाकले, दातांच्या दवाखान्यात मदतनिसाची नोकरी धरली, आणि कामावरून थेट घरी येऊ लागली. खुर्चीच्या चाकांत हवा तीच भरायची, सैल झालेले स्क्रू तीच आवळायची, आणि घरात रेडिओ लागला तर उठून तो बंदही तीच करायची. आईला वाटे, ताईला गाणं ऐकून वाईट वाटेल म्हणून करते बिचारी. थोरलीला गाणं हवं असायचं. पण धाकटीला ते ऐकवत नाही हे ओळखून तीही गप्प बसायची. असं ते घर, एकमेकींना जपता जपता पार मुकं होऊन गेलेलं!

आता मटारांच्या त्या ढिगापुढे बसून थोरलीच्या जिभेवर ते वाक्य आलं. एकच वाक्य होतं. हट्ट माझा नव्हता. पण तिने मोरीकडे पाहिलं. धाकटी पाठमोरी उभी होती, खांदे आवळून, पाठीत धपाटा बसायची वाट बघत असल्यासारखी. थोरलीने ते वाक्य परत आत ढकललं. त्याची आता तिला सवय झाली होती.

"शनिवारी मी जाणार आहे, आई," ती म्हणाली. "तू जाऊ नयेस असं मला फार वाटतं. पण मी जाणार."

आता कुणी म्हणेल, हाच तर हट्ट झाला. पण त्या क्लासात थोरलीला काय गवसलं होतं ते आईला कुठे ठाऊक होतं!

दुकानाच्या मागच्या खोलीत ती काचा घासायची. कडा घासून काच बरोबर फ्रेमच्या मापाची करायची, आणि नंबराची काच एका ठरावीक कोनात बसवायची. कोन दोन-तीन अंशांनी जरी हुकला तरी गिऱ्हाईक डोकेदुखी घेऊन परत येतं. त्या खोलीला लागून असलेल्या सभागृहात क्लास चालायचा, आणि भिंतीतून गाण्याचा ठेका यायचा. ऐकून न ऐकल्यासारखं करण्यात थोरलीने एक वर्ष काढलं. मग एका मंगळवारी काम संपवून ती घराच्या दिशेने वळलीच नाही.

शिकवणाऱ्या बाईंना तिने मनातल्या मनात कवायतबाई असं नाव ठेवलं होतं, कारण नाचतानाही त्या एक-दोन-तीन-चार असं मैदानावर ओरडावं तसं ओरडायच्या. बाई भल्या होत्या. त्यांनी थोरलीला मागच्या कोपऱ्यात जागा दिली आणि म्हणाल्या, तुम्ही आपलं नुसतं हातांचं करा. थोरलीने एक आठवडा नुसतं हातांचं केलं. समोरच्या आरशात तिला स्वतःच्या जागी चौकात उभा असलेला वाहतूक पोलीस दिसायला लागला, आणि दुसऱ्या आठवड्यात तिने ते सोडून दिलं.

अडचण तशी साधी होती आणि भलतीच चिवट होती. खुर्ची नाचवायची तर हात चाकांवर हवेत, आणि हात नाचवायचे तर खुर्ची ठोकळ्यासारखी उभी. यावर तोड कुणाच्या पुस्तकात नव्हती, ती तिने स्वतः शोधली. त्या सभागृहाची जमीन लाकडी होती, गुळगुळीत. एकदा जोरात ढकललं की चार मोजेपर्यंत खुर्ची आपोआप घरंगळत जाते, आणि तेवढे चार आकडे हात मोकळे! मग ढकलायचं कधी, तर ताल जिथे जोरात पडतो तिथे. पुढे तिने उड्यांच्या जागी चाकांवर जोर देऊन अख्खं अंग वर उचलायला सुरुवात केली. ते तर ती नऊ वर्षं दर अर्ध्या तासाने करतच आली होती, बसून बसून जखमा होऊ नयेत म्हणून. आणि गिरकी... बाकीच्या बायका तीन पावलं टाकून धडपडत जी गिरकी घेत, ती थोरली एक चाक पुढे आणि एक मागे ओढून एका झटक्यात घ्यायची. फक्त कोपऱ्यात गिरकीला जागा पुरेना. दोनदा तिने एका सज्जन बाईच्या नडग्या फोडल्या, आणि तिसऱ्यांदा ती बाईच म्हणाली, अहो, तुम्ही मधोमध या बाई, आम्ही जरा लांब उभ्या राहतो.

कवायतबाई आरशातून हे सगळं बघत होत्या. एके शुक्रवारी त्यांनी तिला थांबवून घेतलं. त्यांच्याकडे गुडघे गेलेले, एक बाजू लुळी पडलेले, काठी घेऊन चालणारे असे कितीतरी जण चौकशी करून जात, आणि त्या त्यांना नाही म्हणत, कारण त्यांना कसं शिकवायचं हेच बाईंना कळत नव्हतं. "मला येत नाही ते तुम्हाला येतं," बाई सरळ म्हणाल्या. "शनिवारचा तास तुम्ही घ्या." घरी परतताना थोरलीला आपल्या छातीत इतका आनंद मावतोय याचंच नवल वाटलं. नऊ वर्षांत तिला लोकांनी खूप मदत देऊ केली होती. तिच्याकडे काही मागितलं होतं ते पहिल्यांदाच.

शनिवारी सकाळी दाराजवळ आईची बॅग भरलेली होती. धाकटी तिला बसला बसवून द्यायला जाणार होती. थोरलीने बोटं उघडी असलेले हातमोजे चढवले, पायांचा पट्टा आवळला, आणि आईच्या समोर येऊन थांबली. आईने तोंड खिडकीकडे फिरवलं. पोहोचलीस की फोन कर, एवढंच थोरली म्हणाली. रस्त्याला लागल्यावर तिला दिसेनासं झालं, म्हणून ती पहिल्या कोपऱ्यावर थांबली, डोळे पुसले, नाक शिंकरलं आणि पुढे निघाली. उशीर करून चालणार नव्हतं, आज ती शिकवणार होती.

सात जण आले होते. एक निवृत्त पोस्टमास्तर होते, दोन्ही गुडघे कामातून गेलेले आणि चेहरा असा की कुणीतरी फसवून आणलंय. एका तरुण बाईचा डावा हात हलत नव्हता. बाकीच्यांपैकी तिघी काठीवाल्या आणि दोघं नवरा-बायको, त्यांतल्या नेमकं कुणाला काय झालं होतं हे ती दोघं एकमेकांकडे बोट दाखवून सांगत होती. थोरली पुढे आली, आरशाकडे पाठ केली आणि सातही चेहऱ्यांकडे बघितलं. "ज्याचा जो भाग हलत नाही त्याला आज सुट्टी," ती म्हणाली. "उरलेल्याला नाही." पोस्टमास्तर पहिल्यांदा हसले.

आणि मग ते सातजण नाचले! ताल चुकत, एकमेकांच्या काठ्या पाडत, दम लागून खुर्चीच्या पाठीला टेकत, पण नाचले. थोरली त्यांच्यामधून खुर्ची घरंगळवत फिरत होती, कुणाचा हात उचलून देत होती, कुणाला दामटत होती. दुसरं गाणं संपता संपता तिची नजर दाराकडे गेली. दारात आई उभी होती. तिच्यामागे बॅग हातात घेऊन धाकटी.

थोरलीने सगळ्यांना पाणी प्यायला सांगितलं आणि खुर्ची बाहेरच्या पडवीत आणली. धाकटीचा चेहरा पांढराफटक पडला होता. बस डोळ्यांसमोरून गेली, पण मी आईला चढू दिलं नाही, असं काहीतरी ती तुटक तुटक सांगत होती. मग तिने बॅग खाली ठेवली.

"आई, ताईचा हट्ट नव्हता," ती म्हणाली. "ती मला दोनदा हळू म्हणाली. मी ऐकलं नाही. हे मला नऊ वर्षांपूर्वी बोलायचं होतं..."

थोरलीचे डोळे आपोआप आईकडे गेले. आता ही कोसळणार, आता ही धाकटीला काय नाही ते बोलणार, या भीतीने तिने खुर्ची दोघींच्या मध्ये घातली. पण आई तशीच उभी होती. तिने पदराने ओठ टिपले.

"मला ठाऊक आहे," आई म्हणाली.

आत कुणाची तरी काठी लाकडी जमिनीवर पडल्याचा आवाज झाला.

"तू हाण म्हणणारी नव्हेस," आई थोरलीला म्हणाली. "रिकाम्या रस्त्यावरसुद्धा दोन्हीकडे चारदा बघून ओलांडायचीस तू. मला काय माझ्या मुली कळत नाहीत? त्याच दिवशी कळलं मला. पण तू तसं म्हणालीस, आणि त्या दिवशी चार दिवसांनी हिने दोन घास खाल्ले. ही खिडकीशी जाऊन उभी राहायची गं... मला वाटलं, एकीचे पाय गेले, दुसरी तरी राहू दे. थोरली सोसेल. थोरली सोसतेच. म्हणून मी तेच धरून बसले, आणि बोलून बोलून मला ते खरंच वाटायला लागलं."

नऊ वर्षं जी जखम तिने आपण होऊन पत्करली असं ती मानत होती, तिच्यावर रोज थोडं थोडं मीठ टाकणाऱ्या हाताला सगळं माहीत होतं! तिच्या अंतःकरणात रागाची एक मोठी लाट उठली, आणि तिने ती अडवली नाही.

"मला फार लागायचं ते, आई," ती म्हणाली. "प्रत्येक वेळी लागायचं. तुला माहीत असताना तू म्हणायचीस, हे मी एका दिवसात विसरणार नाही. तसं सांगून टाकते."

"नको विसरूस," आई म्हणाली. तिचे गाल भिजले होते, पण ती ते पुसत नव्हती. "तो फोटो बघितला ना, तू त्या दिवशी स्कूटरवर बसताना जशी हसत होतीस अगदी तशी हसतेयस त्यात. मला वाटलं, आता परत काहीतरी होणार. मी घाबरले गं. दुसरं काही नाही."

बॅगेवरून पुढे होत आई वाकली, आणि थोरलीच्या मांडीवर डोकं ठेवून रडली. तिथे थोरलीला स्पर्श कळत नाही. तिने आईचा चेहरा दोन्ही हातांनी उचलला, वर घेतला, आणि आपल्या खांद्याशी धरला, जिथे तो तिला कळत होता. धाकटी दोन पावलांवर उभी राहून हुंदके देत होती; थोरलीने हातमोजा घातलेल्या हाताने तिचा हात पकडून तिलाही ओढून घेतलं. किती वेळ गेला कोण जाणे... आतून पोस्टमास्तरांनी खाकरून विचारलं की पाणी पिऊन झालंय, आता काय करायचं.

"तास संपलेला नाही," थोरली डोळे पुसत म्हणाली. "आई, आत चल आणि पुढच्या रांगेतल्या त्या रिकाम्या खुर्चीत बस. तू पण चल," ती धाकटीला म्हणाली. धाकटीने नकारार्थी मान हलवली. मला आता काही येत नाही ताई, नऊ वर्षं झाली, अंग आखडलंय, वगैरे. थोरलीने ते पुरतं ऐकलंसुद्धा नाही. "मी विचारत नाहीये," ती म्हणाली. "मला इथे उभं राहून पावलं दाखवणारं कुणीतरी हवंय. काठीवाल्या तिघींना पाय आहेत, आणि माझे आज सुट्टीवर आहेत."

धाकटी रडता रडता हसली, आणि मग स्वतःच्याच हसण्याने दचकली.

गाणं लागलं. आई खुर्चीत अगदी कडेला अवघडून बसली होती, पर्स पोटाशी धरून, जणू डॉक्टरने नाव पुकारायची वाट बघतेय. धाकटी थोरलीच्या शेजारी उभी राहिली. पहिलं पाऊल तिने चुकीचं टाकलं, दुसरंही. मग तिने डोळे मिटले, आणि तिसरं पाऊल जमिनीवर पडलं तेव्हा थोरलीने ते ओळखलं, कारण हे पाऊल तिला पाठ होतं, लहानपणापासून हिच्या या पावलांचा आवाज ऐकतच ती झोपत आली होती! धाकटीचे खांदे हळूहळू सुटत गेले. थोरलीने तालावर चाकं ढकलली आणि तिच्याभोवती एक पूर्ण फेरी मारली. तेवढ्यात मागून टाळ्यांचा आवाज येऊ लागला, ठेक्याच्या कधी आधी, कधी नंतर, पण मनापासून. आईने पर्स खाली ठेवली होती.

थोरलीने गाणं बंद केलं. सगळे तिच्याकडे बघू लागले.

"आई," ती म्हणाली, "ताल चुकतोय."

सगळं सभागृह हसलं. पोस्टमास्तर सगळ्यांत मोठ्याने हसले. आईही हसली, ओल्या चेहऱ्याने, आणि म्हणाली, मग नीट शिकव की.

थोरलीने खुर्ची वळवून आईच्या समोर आणली, तिचे दोन्ही हात आपल्या हातांत धरले, आणि धाकटीला गाणं पुन्हा पहिल्यापासून लावायला सांगितलं.